निंदणी आणि निंदा

मराठीत ‘निंदणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. शेतातले तण उपटून काढणे हा एक, आणि एखाद्याला नावे ठेवणे हा दुसरा. शब्दांची कुळे वेगळी असावीत. कानाला मात्र ते एकच ऐकू येतात. ज्याची निंदणी करायची त्याची आधी निंदा झालेली असते, हे कुणब्याच्या घरात कोणी मुद्दाम सांगत नाही, पण भाषेने ते धरून ठेवले आहे. हा श्लेष आम्हाला आठवला तो अमेरिकेतील एका दुर्गम नदीचा इतिहास वाचताना. ती नदी आम्ही पाहिलेली नाही. जे काही सांगतो आहोत ते छापील मजकुराच्या आधारे, आणि त्यातही आमचे लक्ष पाण्यापेक्षा शब्दांकडे अधिक आहे, हे आधीच कबूल करतो.

कोलोरॅडो आणि यूटा या दोन राज्यांच्या सीमेवर डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक आहे. १९१५ मध्ये ते स्थापन झाले तेव्हा त्याचा विस्तार जेमतेम ८० एकरांचा होता. खडकात सापडलेल्या प्राचीन अस्थींची ती खाण, तेवढीच राखायची होती. १९३८ मध्ये त्याला ग्रीन आणि यॅम्पा या दोन नद्यांच्या खोल दऱ्या जोडण्यात आल्या आणि क्षेत्र दोन लाख एकरांवर गेले. उत्तरेकडून लोडोरच्या दरीतून ग्रीन येते, पूर्वेकडून यॅम्पा येते, आणि स्टीमबोट रॉक या प्रचंड कड्याच्या पायथ्याशी, एको पार्क नावाच्या मोकळ्या जागी, दोघींचा संगम होतो. दरीत उतरल्यावर पुढचा प्रवास नावेनेच. या शतकात तिथे उन्हाळ्यात काही नावा अशा जातात की ज्यांत हौशी प्रवाशांच्या सामानाबरोबर करवती, कुदळी आणि फावडी असतात. हे लोक स्वयंसेवक. त्यांना ‘वीड वॉरियर्स’, म्हणजे तणयोद्धे, असे नाव आहे. एरवी या नद्यांवर नाव घालण्याच्या परवान्यासाठी सोडतीत नशीब काढावे लागते. इथे परवान्याचे मोल घामाने चुकते करायचे.

त्यांचे मुख्य लक्ष्य टॅमरिस्क. आपल्याकडच्या नदीपात्रांत वाढणाऱ्या झाऊचे हे सख्खे भावंड. बारीक खवल्यांसारखी पाने, गुलाबी फुलांचे तुरे, पानांतून मीठ बाहेर टाकण्याची खोड. त्या मिठावरून त्याला तिकडे ‘सॉल्ट सीडर’ असेही म्हणतात, जरी देवदाराशी त्याचे काडीचेही नाते नाही. मूळचे ते युरेशियाचे. अब्राहामाने बैरशेबा येथे झाड लावून देवाचे नाव घेतले असे उत्पत्तीच्या पुस्तकात येते, ते झाड हेच. तिथे ते कराराची खूण आहे. अमेरिकेत ते आले एकोणिसाव्या शतकात, रोपवाटिकांच्या याद्यांतून, शोभेचे झाड म्हणून. पुढे काठांची धूप थांबवायला आणि वाऱ्याला आडोसा म्हणून ते मुद्दाम लावले गेले. आगंतुक म्हणून ज्याच्यावर आज कुदळ चालते, त्याला आमंत्रणपत्रिका गेलेली होती.

आता थोडे मागे, १८६९ कडे. त्या वर्षी जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताने अधू असलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाने लाकडी नावांतून ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांचा प्रवास केला. पहिल्या मोठ्या दरीच्या तोंडाशी पाण्याचा आवाज ऐकून पथकातल्या अँडी हॉल या तरुणाला रॉबर्ट सदी या इंग्रज कवीची लोडोरच्या धबधब्यावरची कविता आठवली, आणि दरीला ‘लोडोर’ हे नाव पडले. मूळ लोडोर इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातला एक लहानसा धबधबा. पथकातला जॅक समनर या नावावर चिडला. नव्या खंडातल्या नव्या शोधांना नावे देण्यासाठी जुन्या धुळकट अडगळीत हात घालणे हे अमेरिकनपणाला शोभत नाही, अशा आशयाची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली. पुढे याच दरीत ‘नो नेम’ नावाची त्यांची एक नाव फुटली आणि त्या खळाळाला ‘डिझास्टर फॉल्स’ हे नाव मिळाले. ते मात्र अस्सल स्थानिक म्हणायचे!

समनरची तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते. परक्याने येऊन इथल्या मातीत मूळ धरू नये, ही भावना त्या दरीत पहिल्यांदा उमटली ती झाडाच्या नव्हे, शब्दाच्या बाबतीत. आणि ती बोलणारा स्वतः किती स्थानिक होता? या भागात हजारेक वर्षांपूर्वी फ्रीमाँट संस्कृतीचे लोक राहत. कड्यांवरची त्यांची चित्रे आजही आहेत. त्यांच्यानंतर यूट लोक होते. पॉवेलच्या प्रवासानंतर बारा वर्षांनी, १८८१ मध्ये, पश्चिम कोलोरॅडोतल्या यूटांच्या मोठ्या समूहांना यूटामधल्या राखीव प्रदेशात हलवण्यात आले. नंतर जिला ‘निर्मनुष्य रान’ म्हणून जपले गेले ती भूमी आधी निर्मनुष्य केलेली होती. तणाचा इतिहास लिहिताना हे वाक्य गाळता येत नाही, कारण गुरे, मेंढ्या आणि त्यांच्याबरोबरचे परके गवत त्या रिकाम्या झालेल्या जागेतच शिरले.

पॉवेलच्या १८७१ च्या दुसऱ्या मोहिमेत ई. ओ. बीमन या छायाचित्रकाराने दरीची छायाचित्रे घेतली. १९६८ मध्ये भूवैज्ञानिकांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्रे घेतली. कडे जसेच्या तसे. दगडसुद्धा जिथल्या तिथे. बदलले आहेत ते काठ. जुन्या चित्रांत जिथे उघडी वाळू, तिथे नव्या चित्रांत झुडपांची दाटी. हे झाले कसे?

याचे उत्तर देताना एका विजयाची गोष्ट सांगावी लागते, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या पाटबंधारे खात्याने एको पार्क येथे आणि खाली स्प्लिट माउंटन येथे धरणे बांधण्याची योजना आखली. १९५० मध्ये गृहखात्याचे मंत्री ऑस्कर चॅपमन यांनी तिला अनुकूलता दाखवली. त्याच वर्षी बर्नार्ड डीव्होटो या इतिहासकाराने ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या लाखोंच्या खपाच्या साप्ताहिकात योजनेविरुद्ध घणाघाती लेख लिहिला. १९५४ मध्ये सिएरा क्लबच्या डेव्हिड ब्राउअरने प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे जाऊन खात्याच्या बाष्पीभवनाच्या आकड्यांत शाळकरी बेरीज-वजाबाकीची चूक आहे हे दाखवून दिले. आणि १९५५ मध्ये कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर यांनी ‘धिस इज डायनोसॉर’ हा सचित्र निबंधसंग्रह संपादित केला. तो काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याच्या हाती पोहोचवण्यात आला. निबंधसंग्रहाने धरण अडवले, असे म्हणणे थोडे भाबडे होईल. पण निबंधांशिवाय ते अडले नसते, हे म्हणायला हरकत नाही. ललित गद्याचा असा रोकडा उपयोग झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

११ एप्रिल १९५६ रोजी कोलोरॅडो नदी साठवण प्रकल्पाच्या कायद्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही झाली. एको पार्क त्यातून वगळले होते. परंतु तोच कायदा इतर धरणांना मंजुरी देत होता. त्यांपैकी ग्लेन कॅन्यनची कहाणी सर्वश्रुत आहे. १९६३ मध्ये त्याचे दरवाजे मिटले आणि एक अद्वितीय दरी बुडाली. ब्राउअरला त्याची खंत जन्मभर राहिली. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्या, कमी बोलल्या गेलेल्या धरणाकडे. लोडोरच्या वरच्या अंगाला, त्याच ग्रीन नदीवर, फ्लेमिंग गॉर्ज. ते १९६४ मध्ये पूर्ण झाले. एको पार्कचा कडा वाचला, आणि त्याच्या पायाशी येणाऱ्या दोन नद्यांपैकी एकीची चावी वरच्या बाजूला एका भिंतीत बसवली गेली.

वसंतात बर्फ वितळून येणारा मोठा पूर म्हणजे या नद्यांचा वार्षिक केरवारा. तो काठ खरवडून काढी, कोवळी रोपे उपटून नेई, आणि ओसरताना ओली, उघडी वाळू मागे ठेवी. तिथल्या देशी कॉटनवूड वृक्षाचे सारे गणित या ओसरण्यावर बसलेले. त्याचे कापसासारखे बी उन्हाळ्याच्या आरंभी थोडेच आठवडे उडते आणि थोडेच दिवस जिवंत राहते. टॅमरिस्कला अशी घाई नाही. एक वाढलेले झाड वर्षाला पाच लाखांपर्यंत बिया देऊ शकते, आणि त्या उन्हाळाभर पडत राहतात. ज्या नदीत पूर ठरलेल्या वेळी येतो तिथे कॉटनवूडची सरशी. जिथे पाणी विजेच्या मागणीप्रमाणे खालीवर होते, तिथे सवड असलेल्याचा फायदा. टॅमरिस्क ग्रीनच्या काठी धरणाआधीच पोहोचला होता, हे नोंदवले पाहिजे. धरणाने त्याला आणले नाही. त्याला उपटणारा हात तेवढा बांधून ठेवला. १९७८ मध्ये विल्यम ग्राफ या भूगोलज्ञाने कोलोरॅडो पठारावरील नद्यांची पात्रे टॅमरिस्कच्या प्रसारानंतर सरासरी २७ टक्क्यांनी अरुंद झाल्याचा निष्कर्ष काढला होता. त्यात झाडाचा वाटा किती आणि घटलेल्या पाण्याचा किती, यावर पुढे बरेच वाद झाले.

आता निंदेकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापासून टॅमरिस्कविषयी एक वाक्य सगळीकडे फिरत होते: एक झाड दिवसाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर पाणी पिते. वृत्तपत्रे, सरकारी पत्रके, विधिमंडळातली भाषणे, सगळीकडे तोच आकडा. २००७ मध्ये ओवेन्स आणि मूर या दोन संशोधकांनी त्याचा माग काढला तेव्हा त्याला आधार सापडेना. एका झाडाच्या आवाक्याबाहेरची ती तहान होती. २००९ मध्ये मॅथ्यू च्यू यांनी जीवशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहून वैज्ञानिकांनीच या झाडाचा राक्षस कसा उभा केला ते दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीला पाणी हवे होते, नदीच्या पाण्यावर हक्क इतरांचे होते. तेव्हा काठच्या झुडपांनी ‘चोरलेले’ पाणी ‘वाचवण्याची’ कल्पना सोयीची ठरली. कोणाच्या वाट्याला हात न लावता पाणी मिळणार होते, कारण झाडाला वकील नसतो. २००६ मध्ये टॅमरिस्क आणि रशियन ऑलिव्ह यांच्या निर्मूलनासाठी खास कायदा झाला. त्याच कायद्यान्वये मागवलेला वैज्ञानिक आढावा २०१० मध्ये आला, आणि त्यात झाडे काढल्याने नदीत हमखास पाणी वाढते असे म्हणता येत नाही, असा सूर निघाला.

वाचकांना आपल्याकडचे गाजरगवत इथे आठवेल. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, अमेरिकन गव्हाबरोबर ते आले अशी आख्यायिका झाली, आणि लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘काँग्रेस गवत’. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही ते हिंदुस्थानात उगवल्याच्या वनस्पतिशास्त्रीय खुणा आहेत. पण आख्यायिका गव्हाच्या पोत्यापेक्षा वेगाने पसरते. गाजरगवताने अंगाला खाज सुटते हे मात्र खरे आहे, आणि इथेच प्रश्न अवघड होतो. निंदा खोटी ठरली म्हणून निंदणी चुकीची ठरते का?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. लोडोरच्या काठी टॅमरिस्कने कॉटनवूडच्या आणि विलोच्या जागा घेतल्या, नाव लावायच्या वाळूच्या पट्ट्या गिळल्या, हे साडेसातशे लिटरच्या दंतकथेवर अवलंबून नाही. मात्र ‘योद्धे’ या शब्दाविषयी आम्ही साशंक आहोत. १९५८ मध्ये चार्ल्स एल्टन यांनी परक्या जीवांच्या प्रसारावरील ग्रंथाच्या नावातच ‘आक्रमण’ हा शब्द वापरला, तेव्हापासून या विषयाची भाषा छावणीची झाली आहे. प्रत्यक्ष काम छावणीतले नाही. ते शेतावरचे, कष्टाचे आहे. टॅमरिस्क नुसता कापला तर बुंध्यातून दुपटीने फुटतो. म्हणून झुडपाच्या पोटात शिरून फांद्या करवतीने उतरवायच्या, मग माती उकरून मुळाचा जाडजूड गड्डा जमिनीखाली जिथे संपतो तिथवर जायचे आणि तो अखंड बाहेर काढायचा. ते जमले नाही तर कापलेल्या बुंध्याला काही मिनिटांच्या आत तणनाशक लावायचे, कारण जखम लगेच मिटते. एका माणसाचा दिवस अशा मोजक्या झुडपांत संपतो. नंतरच्या वर्षांत त्याच मुक्कामावर पुन्हा येऊन नवे कोंब पाहायचे. यात शत्रूला धूळ चारण्याचा क्षण येतच नाही.

या कामामागे एक जुना पेच आहे, आणि तोही एका शब्दाचा. एको पार्कच्या विजयाने हुरूप आलेल्या हॉवर्ड झानायझर यांनी १९५६ मध्ये वन्यक्षेत्र कायद्याचा पहिला मसुदा लिहिला. ६६ मसुद्यांनंतर, सप्टेंबर १९६४ मध्ये, कायदा झाला. झानायझर त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले होते. वन्यक्षेत्राची व्याख्या करताना त्यांनी ‘अनट्रॅमल्ड’ असे विशेषण वापरले. सिएटलच्या पॉली डायर यांच्या तोंडी तो शब्द त्यांनी ऐकला होता. ‘अनडिस्टर्ब्ड’ हा सोपा शब्द घ्या, असे सुचवले गेले तेव्हा ते हटून बसले. आजही अनेक जण तो शब्द ‘न तुडवलेले’ असा चुकीचा वाचतात. आम्ही वर्गात याचा मराठी पर्याय मागितला तेव्हा ‘अस्पर्शित’, ‘अनिर्बंध’, ‘मोकाट’ अशी उत्तरे आली. एकही जुळत नाही. ‘ट्रॅमल’ म्हणजे मासे धरायचे जाळे, आणि घोड्याच्या पायांना घालायची बेडीही. त्यासाठी मराठीत अस्सल शब्द आहे: पायबंद. माणसाच्या हाताचा स्पर्श झाला तरी चालेल, पण जिच्या पायात पायबंद नाही, अशी भूमी. वाळूवर उमटलेले पाऊल हा तिचा भंग नव्हे. फ्लेमिंग गॉर्जची भिंत हा आहे.

मग कुदळ? १९६३ मध्ये झानायझर यांनी एका छोट्या संपादकीयाला ‘गार्डियन्स नॉट गार्डनर्स’ असे शीर्षक दिले होते: आपण राखणदार आहोत, माळी नव्हे. डायनोसॉर स्मारकाचा बहुतांश भाग वन्यक्षेत्र म्हणून शिफारस झालेला आहे, काँग्रेसची मोहर त्यावर अद्याप नाही. तरी तिथे वागायचे ते त्याच शिस्तीने. कोणते झाड राहावे आणि कोणते जावे हे माणूस ठरवू लागला की तो माळी झालाच. न ठरवावे तर दरी टॅमरिस्कची होते, आणि ती टॅमरिस्कची व्हावी हेही माणसानेच, वर धरण बांधून, एका अर्थी ठरवलेले आहे. आयडाहोतल्या फ्रँक चर्च वन्यक्षेत्रासारख्या, कायद्याने पूर्ण संरक्षित ठिकाणीही हाच पेच सॅमन नदीच्या काठी स्वयंसेवकांसमोर उभा असतो. तिथे यांत्रिक करवतीला मनाई असल्याने दोघांनी ओढायची जुनी लांब करवत आणि खेचरे वापरात राहिली आहेत. साधन जितके मंद, तितका माळ्यातला राखणदार जागा राहतो, असे काहीसे त्या नियमात गृहीत धरले असावे. सावतोबांच्या भाषेत वाढलेल्या आम्हाला ‘माळी’ हा शब्द उणा वाटत नाही, म्हणूनही कदाचित झानायझर यांची धार्मिक म्हणावी अशी अस्वस्थता आम्हाला उशिरा कळली.

टॅमरिस्कवर दुसरा उपाय पानभक्षक भुंग्यांचा. मध्य आशिया आणि चीनमधून आणलेले डायोराब्डा जातीचे भुंगे २००१ पासून उघड्यावर सोडले गेले. त्यांनी काठच्या काठ तपकिरी केले. पण नैर्ऋत्येकडच्या नद्यांवर एक दुर्मीळ माशीमार पक्षी, १९९५ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलेला, विलो उरले नाहीत म्हणून टॅमरिस्कवरच घरटी करू लागला होता. २०१० मध्ये कृषी खात्याने भुंगे सोडण्याचा कार्यक्रम थांबवला. भुंग्यांना अर्थातच कळवता आले नाही.

आणि यॅम्पा? ती अजून बव्हंशी मोकळी वाहते. कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या इतक्या मोठ्या उपनद्यांत हे भाग्य तिचेच. तिचा पूर येतो, तिच्या काठी टॅमरिस्कला ग्रीनसारखे मोकळे रान मिळालेले नाही. पण तिच्यावर दुसरेच तण आले आहे. लीफी स्पर्ज, शेर-निवडुंगाच्या कुळातले, पांढऱ्या चिकाचे, पिवळसर हिरव्या फुलांचे. शेंग पिकली की फुटून बी लांब उडवते. बी पाण्यावर तरंगते. मुळे कित्येक मीटर खोल जातात आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतात. खणून ते संपत नाही. आणि त्याला काठोकाठ वाहून नेतो तो यॅम्पाचा मोकळा पूरच. ज्या पुरासाठी स्टेग्नर आणि डीव्होटो यांनी लेखण्या झिजवल्या, तो एका नदीवर अडवला तर एक तण माजते, आणि दुसरीवर अडवला नाही तर दुसरे पसरते. २०१५ च्या सुमारास यॅम्पाच्या खोऱ्यातले शेतकरी, नावाडी, विद्यापीठातले संशोधक आणि नदीप्रेमी यांनी एकत्र येऊन या स्पर्जवर काम सुरू केले. एरवी पाण्याच्या वाटपावरून भांडणारी ही मंडळी कोणत्या पट्टीत झाड किती आहे याचे नकाशे करतात आणि मुळे खाणारे चिमुकले भुंगे नेऊन सोडतात.

२००६ मध्ये फ्लेमिंग गॉर्जमधून पाणी सोडण्याचे नियम बदलले. संकटात सापडलेल्या देशी माशांसाठी, वसंतात यॅम्पाचा पूर शिगेला पोहोचतो त्या सुमारास धरणातूनही जादा पाणी सोडायचे, म्हणजे संगमाखाली जुन्या पुराची आठवण तरी राहील, असे ठरले. पुढे दुष्काळात ग्लेन कॅन्यनमागचा जलाशय फार खाली गेला, तेव्हा त्याला टेकू देण्यासाठी मे २०२२ पासून वर्षभरात पाच लाख एकर-फूट जादा पाणी फ्लेमिंग गॉर्जमधून सोडण्याचा निर्णय झाला. १९५६ च्या त्या सौद्यातल्या एका धरणाने दुसऱ्याला दिलेले हे पाणी लोडोरमधून, डिझास्टर फॉल्सवरून, निंदलेल्या आणि न निंदलेल्या काठांमधून एको पार्कला आले, आणि स्टीमबोट रॉकखाली यॅम्पाच्या गढूळ पाण्यात मिसळून पुढे गेले.